लाल पान आणि त्सोंका मावशीची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आज जे सांगणार आहे ते सांगताना मला मान वर करवत नाही.

गाब्रोवो शहरातल्या शाळेने मला भंगारात काढलं, तेव्हा तिथल्या प्लामेन मास्तरांनी मला घरी आणलं. कोठीघरात मिरचीच्या चटणीच्या बरण्यांशेजारी ठेवून माझ्यात लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली आणि मला घरादाराच्या ईमेलची टपालपेटी केलं. "आपली पत्रं परक्याच्या घरी कशाला?" असं ते सगळ्यांना सांगत. माझी छाती फुगायची.

माझ्यातला सगळ्यात मोठा ठेवा त्यांच्या त्सोंका मावशीचा होता. तिचा नवरा इलिया बोटीवर कामाला होता. अकरा वर्षं त्याने बंदराबंदरातून तिला ईमेल लिहिले. तो वारल्यावर ती रोज त्यातलं एक पत्र वाचायची.

तिला कुठूनही वाचता यावं म्हणून मास्तरांनी माझं पान ब्राउझरमध्ये उघडण्याची सोय केली. त्यासाठी, हा खरोखर मीच आहे हे ब्राउझरला पटवणारा, ओळखीचा दाखला मला हवा होता. तो बाहेरच्या विश्वासू संस्थेकडून फुकट मिळतो, पण मास्तरांनी आळस केला. माझ्या दाखल्यावर मीच सही ठोकली. ब्राउझर थोडाच फसणार! त्याने धोक्याचं लाल पान दाखवलं.

"अरे प्लामेन, हे काय लालभडक आलं?" मावशी दचकली.

"तू पण ना, मावशी! आपलाच डबा तो, बरण्यांशेजारचा. खालची बारीक अक्षरं दाब आणि बिनधास्त पुढे जा."

मावशीने ते चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवलं.

पुढे गुडघ्यांसाठी ती गरम पाण्याच्या झऱ्यांवर राहायला गेली. तिथल्या फुकटच्या वायफायवर कुणी भामटा माझं सोंग घेऊन बसला होता. लाल पान आलं. त्या दिवशी ते खरं सांगत होतं. मावशीने चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, बारीक अक्षरं दाबली आणि पासवर्ड दिला.

भामट्याने तिच्या नावाने जगभर फसव्या ईमेलचा कचरा पाठवला आणि जाताना पेटी पुसून टाकली. आणि मी काय केलं? ठरल्या वेळी माझ्यात जे असेल ते दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवायचं, हे माझं काम. मी रिकामी पेटी उतरवली, जुन्या प्रतीवरच. इलियाचं शेवटचं अक्षर मी माझ्या हाताने पुसलं.

मावशी कोठीघरात येऊन उभी राहिली. "चिठ्ठीत होतं तसंच केलं रे मी."

"चिठ्ठी मीच सांगितली होती, मावशी," मास्तर खाली बघत म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी खरा दाखला आणला. वीस मिनिटं लागली.

मित्रांनो, तुमच्या माणसांना धोक्याची सूचना ओलांडायला कधी शिकवू नका. ती सवय एकदा लागली की खऱ्या धोक्यालाही ती माणसं वाट देतात.

मावशी अजून रोज सकाळी माझं पान उघडते. आता लाल काही येत नाही, छोटंसं कुलूप दिसतं. ते अगदी पक्कं आहे. मी तिला रिकामी पेटी दाखवतो.