काउंटर बावन्न ते साठ

ज्या आवाजाला माणूस चाळीस वर्षं घाबरला, त्याच आवाजाचं प्रदर्शन त्याने आपण होऊन मांडावं, याला काय म्हणावं? पण दादाला मोह आवरला नाही. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी नुसतं विचारलं, "तुमच्याकडे म्हणे जुनी इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं आहेत?" आणि गडी विरघळला. सगळे त्याला दादा म्हणायचे, त्याच्याहून थोरसुद्धा. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेली, पण मासिकांविषयी आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एकशे आठ अंक. एकही गहाळ नाही. मुखपृष्ठांवर हाताने रंगवलेली सर्किटं, आत किटच्या जाहिराती, शेवटच्या पानांवर वाचकांच्या तक्रारी: माझा रेडिओ संध्याकाळीच का शिट्टी मारतो? हॉलमध्ये जमलेले पांढऱ्या केसांचे लोक पानं नाकाला लावून हुंगत होते. "हा अंक होता माझ्याकडे! बायकोने रद्दीत घातला," असं एकाने म्हटलं की चार जण हळहळायचे. मधल्या टेबलावर दादाचा जुना होम कॉम्प्युटर होता, चपट्या डब्यासारखा, एका लहान टीव्हीला जोडलेला. शेजारी साधा कॅसेट रेकॉर्डर. त्या काळी मासिकात प्रोग्राम छापून यायचे. ते ओळ न् ओळ टाइप करायचे आणि गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटवर साठवायचे. पुन्हा हवे असले की कॅसेट वाजवायची, कॉम्प्युटर ती ऐकायचा.

पहिल्या रांगेत दादाची धाकटी बहीण बसली होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून मुदतीआधीच निवृत्त झालेली. दादाचं कौतुक म्हणून ती इस्त्रीची साडी नेसून, वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसली होती. तिला पाहिल्यापासून दादाने दोनदा रेकॉर्डरची वायर चाचपून पाहिली होती.

तशी त्याने काळजी घेतली होती. रेकॉर्डरमध्ये वायरची पिन खोचली की स्पीकर बंद होतो. प्रोग्राम गुपचूप कॉम्प्युटरमध्ये उतरतो. दादा नेहमी तसंच करायचा. पण गर्दीत रेडिओच्या सुट्या भागांचा एक म्हातारा दुकानदार होता, हौशी. "अहो, आवाज ऐकवा की! ते तर आपलं संगीत!" म्हणत त्याने हात पुढे केला आणि पिन अर्धी बाहेर ओढली.

आधी एक लांब शिट्टी आली. मग चिरकणं सुरू झालं, पत्र्यावर खिळा ओढावा तसं. म्हातारे टाळ्या पिटायला लागले. धाकटीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने मान किंचित तिरकी केली, एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून करायची तशी, आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने दादाकडे पाहिलं. दादाने टेबलावरचे अंक सारखे करायला घेतले.

खुर्च्या आवरून झाल्यावर ती जवळ आली. "उद्या सकाळी हे सगळं घेऊन माझ्याकडे ये," एवढंच म्हणाली.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

दादा चौदा वर्षांचा होता, धाकटी नऊ. बाबा लांब कामाला होते. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांनी धाकटीच्या वाढदिवसाला एक कॅसेट पाठवली, स्वतःच्या आवाजाची. जेमतेम पाच मिनिटं. चुकून पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडले होते. ते मोडले की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. दोन महिन्यांनी बाबांच्या जागी तार आली. धाकटी ती कॅसेट बिस्किटांच्या डब्यात ठेवायची आणि रविवारी एकदाच लावायची. झिजेल म्हणून.

त्याच सुमारास दादाला विज्ञानाच्या सरांनी चार दिवसांसाठी हॉलमध्ये मांडला तसलाच कॉम्प्युटर दिला होता. त्याने मासिकातला चांद्रयानाचा खेळ तीन दिवस बसून टाइप केला. चौथ्या दिवशी पाचला मशीन परत द्यायचं, आणि साडेचार वाजता त्याच्या लक्षात आलं की घरात कोरी कॅसेट नाही. मशीन बंद केलं की तीन दिवसांची मेहनत पाण्यात. डब्यातल्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग होतं, ही युक्ती मासिकातच छापली होती. दादाने दोन्हीकडे चिकटपट्टी लावली. आणि घाईत कॅसेट घातली ती बाबांची बाजू वर करून.

मासिकाचा आणखी एक सल्ला होता: टेपचा भरवसा नसतो, तीन प्रती ठेवा, मध्ये थोडी जागा सोडा. दादा शहाण्या मुलासारखा सगळं पाळत गेला. तीन प्रती.

रविवारी धाकटीने टेप लावली आणि घरात ते चिरकणं घुमलं. दहा सेकंदांत आईने टेप बंद केली. "उन्हात ठेवली होतीस ना खिडकीत? जळाली बघ!" धाकटीने खरंच एकदा खिडकीत ठेवली होती. तिने रडत कबूल केलं. दादा दारात उभा होता. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला, मग दिवस गेला, मग वर्षं गेली. आई तर जाईपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, "बापाचा आवाज हिने उन्हात घातला." त्यावर धाकटी मान खाली घालायची आणि दादा चहा घ्यायचा.

सकाळी दादा पिशव्या घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिने टेबल रिकामं करून ठेवलं होतं. त्यावर एकच वस्तू: बिस्किटांचा डबा.

"लाव," ती म्हणाली.

"अगं, ऐक ना, मी तुला..."

"आधी लाव."

डब्यातल्या कॅसेटवरची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती, पण जागची हलली नव्हती. धाकटी त्यावर बोट ठेवून म्हणाली, "मला वाटायचं, बाबांनीच लावली असेल." दादाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

दादाने पिन खोचली, कॅसेट गुपचूप फिरली. दीड मिनिटाने छोट्या टीव्हीवर अक्षरं उमटली. खेळाचं नाव, आणि खाली चौदा वर्षांच्या पोराने ऐटीत टाकलेलं स्वतःचं नाव आणि तारीख. खाली खडकाळ चंद्र, वर ठिपक्यांचं यान. दादाने बटण दाबलं. यान खाली उतरायचं सोडून वर वर गेलं आणि पडद्याबाहेर नाहीसं झालं.

"हे काय?"

"छापताना चूक झाली होती. वजाच्या जागी अधिक. पुढच्या अंकात दुरुस्ती आली."

"म्हणजे हा खेळ चाललाच नाही कधी?"

"नाही."

"एवढ्यासाठी?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर दादाला बरं वाटलं असतं. "आईला सांगायचं होतंस रे. मला नको, मी लहान होते. आईला तरी."

दादाचे डोळे भरून आले, आणि त्याचीही त्याला लाज वाटली. रडायचा हक्क तिचा होता. पण अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती सगळ्यात वाईट होती. त्याने पिशवीतून तो अंक काढला. प्रोग्रामच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: ०००, ०६०, १२०.

"हे रेकॉर्डरच्या काउंटरचे, टेप किती सरकली ते दाखवणारे आकडे. तिन्ही प्रती इथून सुरू होतात. पण प्रोग्राम बावन्न आकड्यांतच संपतो. मधली जागा मी टेप पुढे पळवून सोडली होती. बावन्न ते साठ. एकशे बारा ते एकशे वीस. तिथे मी काही भरलं नाही." तो थांबला. "तिथे बाबा आहेत."

"तुला हे कधीपासून माहीत?"

"त्याच रविवारपासून. पण सांगायचं तर आकडे कुठून आले तेही सांगावं लागलं असतं."

धाकटीने अंक बाजूला सारला. मग तिने स्वतः पिन उपटली, टेप मागे नेली आणि काउंटर शून्य केला. चिरकणं अख्खं ऐकलं. बावन्नला ते तुटलं.

"...पंख्याचा आवाज येत असेल, लक्ष देऊ नकोस. इथे उकडतं फार. तू शाळेत..." आणि पुन्हा शिट्टी.

धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली होती. दादाला वाटलं, आता ती बंद करेल. तिने केली नाही. एकशे बारा.

"...आणि काही मोडलं-बिघडलं तर रडायचं नाही. दादाला सांगायचं. तो आहे ना घरात. तो..."

शिट्टी. धाकटीने टेप बंद केली.

"तो, काय?" तिने विचारलं. "मला आठवत नाही. इतक्या वेळा ऐकलं, आणि नेमकं हेच आठवत नाही. पुढे काय म्हणाले होते बाबा?"

एखादं गोड वाक्य दादाच्या ओठांवर आलंच होतं. तिला बरं वाटलं असतं, त्यालाही. कुणाला पत्ता लागला नसता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी ती टेप कधी पुरती ऐकलीच नाही. तू लावलीस की मी मासिक वाचत बसायचो."

धाकटीने मान हलवली. मग टेप मागे घेऊन काउंटर एकशे बारावर आणला आणि बसायला त्याच्याकडे खुर्ची सरकवली.

"आता ऐक," ती म्हणाली.