एकतिसाव्या गाडीचं दार

वहीत एकूण सत्तेचाळीस गाड्या होत्या. एकोणतीस चार चाकांच्या, अकरा तीन चाकांच्या, पाच सहा चाकांच्या आणि दोन बिनचाकाच्या. त्या दोन कशावर चालणार, हे काकांनी कुठेच लिहिलं नव्हतं. यातली एकही गाडी कधी रस्त्यावर आली नव्हती. चौतीस वर्षं काकांनी गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या रंगवल्या, आणि रंग वाळेपर्यंतच्या वेळात या स्वतःच्या गाड्या काढल्या.

पुतणीने वही 'नुसती बघायला' म्हणून नेली होती. तिने एकतिसावी गाडी निवडली, एकास चोवीस प्रमाणात तिचं मॉडेल केलं आणि प्रदर्शनात 'कधीच न बनलेल्या गाड्या' या विभागात पाठवायचं ठरवलं. अर्जात विचारलं होतं, मूळ कल्पना कोणाची? कल्पना स्वतःची असेल तर वीस गुण जास्त. तिने 'स्वतःची' असं लिहिलं. चुकून नाही, चांगली चार मिनिटं विचार करून. त्या दिवसापासून काकांचा फोन आला की ती तो नुसता वाजू द्यायची.

मॉडेल रविवारी द्यायचं होतं. शनिवारी दुपारी ती खोकं आणि वही घेऊन काकांकडे गेली. आधी सांगायचं, मग दाखवायचं, असं वाटेत तिने तीनदा घोकलं होतं. प्रत्यक्षात आधी खोकंच उघडलं गेलं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मॉडेल नाकाला लावल्यासारखं जवळ धरलं. "रंग एकसारखा बसलाय. कुठे ओघळ नाही. आमच्या गॅरेजात असतीस तर मला घरी बसवलं असतंस."

"बघू इकडे," काकू म्हणाल्या. त्या खुर्चीत होत्या, उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा गुडघा वाकत नव्हता. कुठेही जायचं तर मागच्या सीटवर आडवं बसावं लागे. त्यांनी मॉडेलच्या दारातून बोट आत घातलं. "अहो, ही माझी गाडी ना? यात मी पाय कुठे ठेवू? डिकीत?"

पुतणीला कळेना. मग तिने वही उघडली. एकतिसाव्या गाडीचं चालकाशेजारचं दार दुसऱ्यापेक्षा मोठं होतं. तिला वाटलं होतं, काकांचा हात चुकलाय. म्हणून तिने ते सुधारून दोन्ही दारं सारखी केली होती.

"सगळं सारखं करायची सवयच आहे पोरीला," काका म्हणाले. "लहानपणी माझी मिशीसुद्धा मोजायची. डावी बाजू जास्त म्हणून रुसली होती."

"काका," ती म्हणाली, "अर्जावर मी लिहिलंय, कल्पना माझी आहे म्हणून."

काकांनी मॉडेल टेबलावर ठेवलं. चष्मा खाली घेतला, पुसला, परत घातला.

"मग दारं बरोबर आहेत की," ते म्हणाले. "तुझ्या गाडीची सारखी. माझ्या गाडीची नव्हती."

"पोरीला टोमणे मारू नका," काकू म्हणाल्या. "कबूल केलंय ना तिने."

"टोमणा कुठला? मोजून सांगितलं."

तिची मान वर होईना. तशीच बसून तिने प्रदर्शनवाल्यांना फोन लावला आणि अर्जावर काकांचं नाव घालायला सांगितलं. वीस गुण जातील, पलीकडचा माणूस म्हणाला. चालेल, ती म्हणाली. मग तिने पिशवीतून टेप काढली.

"काकू, पाय मोजू?"

"मोज बाई. तसाही तो कुठे पळून जात नाही."

कमरेपासून टाचेपर्यंत चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरले. तिने त्याच्या चोवीसाव्या हिश्श्याएवढी, जाड पुठ्ठ्याची एकोणचाळीस मिलिमीटरची पट्टी कापली. मॉडेलच्या दारात सीटपासून पुढच्या कडेपर्यंत बत्तीसच मिलिमीटर होते. काकांनी त्यांची बारीक करवत काढून दिली आणि मॉडेल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिने दाराची चौकट पुढे कापली, कानस फिरवली, पट्टी आत सरकवली.

पट्टी आडवी बसली. पुढे तीन मिलिमीटर उरले.