पाच किलोंची सवलत

त्या सकाळी माझ्यावर चोवीस डाग चढले: अकरा खोकी, नऊ पिशव्या, तीन ट्रंका आणि एक लाकडी घोडा.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी पाट, उभा खांब आणि वर गोल तबकडी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात तसूभर चूक नव्हती. पुढे एका सैनिकी तुकडीबरोबर समुद्रापार आलो. डोंगरातल्या तळावर हेलिकॉप्टरमध्ये चढणारं सगळं सामान आधी मी तोलायचं, असा नियम होता.

सुट्टीवर निघालेल्या जवानाला वीस किलोंची परवानगी. पण घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू कुणाला काढवत नसत. कोठारावरच्या हवालदाराला सगळे मामा म्हणत. एके दिवशी मामाने माझा शून्याचा स्क्रू मागे फिरवला आणि मी प्रत्येक डागामागे पाच किलो गिळू लागलो. सुई शून्यापाशीच्या खिळ्याला टेकलेली असे, त्यामुळे रिकामा असताना माझं बिंग फुटत नसे.

"आपला काटा मोठ्या मनाचा!" जवान माझी पाठ थोपटत. मी फुशारून जाई. मामा मात्र तळाच्या मालाची खोकी तोलताना स्क्रू जागेवर आणायला विसरू लागला.

घोडा स्वयंपाक्याचा होता. "मामा, लेकीसाठी केलाय. अजून तिचं तोंडही पाहिलं नाही हो."

"घोडा जाऊ दे, तू मागून चालत ये!"

सगळे हसले. वैमानिकाने विचारलं, "मामा, वजन भरवशाचं ना? ऊन फार आहे, हवा विरळ."

"तबकडी बघा की, साहेब."

हेलिकॉप्टर खिंडीवर चढू शकलं नाही. कड्यावर आदळलं. वैमानिक आणि स्वयंपाक्यासकट आतले सहाही जण गेले.

चौकशीचे अधिकारी आले त्या दुपारी मामा पेचकस घेऊन माझ्यापाशी बसला. एक पीळ दिला असता तर तो सुटला असता, आणि मीही. मला तेच हवं होतं. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूचे लाड करू नका. तिला वेळोवेळी तपासा, आणि ती नको ते सांगत असली तरी ऐका.

बाहेर बुटांचा आवाज आला. मामा उठून बाजूला झाला. अधिकाऱ्याने वीस किलोंचं प्रमाण वजन माझ्या पाटावर ठेवलं.

सुई पंधरावर थांबली.