धड्याबाहेरचा प्रश्न

इतिहासाच्या बाईंनी सातवीच्या वर्गात फळ्यावर ‘युद्धाची कारणे’ असं लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि मागून आवाज आला.

“बाई, हे आपल्याकडे पण होणार का?”

विचारणारी मुलगी एरवी इतकं हळू बोलायची की सगळे तिला चिमणी म्हणत. आज मात्र तिचं बोलणं पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सरहद्दीवर काही दिवसांपासून चकमकी चालल्या होत्या. घरोघरी टीव्ही सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत चालूच.

“आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या युद्धाबद्दल बोलतोय,” बाई म्हणाल्या. “काही होत नाही. पुस्तक काढा.”

चिमणीने निमूटपणे पुस्तक काढलं. बाईंनी वेळ मारून नेली खरी, पण कारणं लिहिताना त्यांच्या हातातला खडू मोडला. त्यांची एकुलती एक लेक सरहद्दीजवळच्याच शहरात शिकायला होती, वसतिगृहात राहत होती. रोज संध्याकाळी फोन यायचा. “काही होत नाही गं आई, तू उगाच जीव टांगणीला लावतेस.” मग दोघी जेवणाबद्दल, परीक्षेबद्दल बोलायच्या. फोन ठेवला की नवरा विचारायचा, “काय म्हणाली?” आणि बाई सांगायच्या, “मजेत आहे.”

पुढचा तास मोकळा होता. शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचा ढीग वाट बघत होता आणि गणिताचे सर मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखवत होते. बाई दारापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. कित्येक वर्षांत असं नुसतं बसायला त्यांना मिळालंच नव्हतं. शाळा, स्वयंपाक, पेपर, सासूबाईंचं औषधपाणी. विचार करायचा तो चालता चालता, तोही अर्धामुर्धा. चित्रकलेचे सर रजेवर होते. त्यांची खोली रिकामी होती. बाई आत गेल्या, दार लोटलं आणि वाळलेल्या रंगांनी माखलेल्या एका स्टुलावर बसल्या.

आधी काही सुचेना. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं त्या युद्ध शिकवत आल्या ते कारणं आणि परिणाम म्हणून, चार चार गुणांचं. त्या काळी सातवीत असलेल्या पोरीला रात्री झोप लागत होती का, हे कुठल्याच धड्यात नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. आणि ‘काही होत नाही’ हे आज आपण ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज कुठे ऐकलाय? लेकीचाच की. तशीच घाई, तसाच विषय बदलणं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“आई? आत्ता? तुझा तास नाही?”

“नाही. ऐक, मला भीती वाटतेय. फार. तू खरं सांग.”

पलीकडे लेकीला रडू फुटलं. “आम्ही तळघरात झोपतोय गं, आई. गाद्या खाली नेल्यात. स्टेशन बंद आहे. तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस.”

ओरडावं, रागवावं असं बाईंना वाटलं, पण त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. आता रस्त्याने कसं येता येईल ते बघू.”

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टीव्हीसमोरून उठला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मला वाटलंच होतं. तुला म्हणालो नाही.” मग दोघे मिळून ओळखीपाळखीच्या लोकांना फोन करत बसले.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात बाईंनी पुस्तक उघडलं नाही.

“काल चिमणीने विचारलं आणि मी उडवून लावलं,” त्या म्हणाल्या. “होईल की नाही, मला माहीत नाही. माझी मुलगी तिथे आहे. मलाही भीती वाटते.”

चिमणी उठली. “आमच्या बाबांनी बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. म्हणतात, मामाकडे जायचंय. पण आम्हाला मामाच नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. चिमणीही हसली, आणि मग पोरं एकेक करून बोलायला लागली. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. त्यांनी खुणेनेच बाईंना बाहेर बोलावलं.

“बाई, पालक माझ्या डोक्यावर बसतील. पोरांना घाबरवू नका.”

“ती आधीच घाबरलीत, सर. फक्त एकेकटी.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “धडा मात्र संपवा,” एवढंच म्हणून ते गेले.

लेक आठवड्याच्या शेवटी आली. एका भाजीच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून, अंगावरच्या कपड्यांनिशी. आल्याआल्या झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. लढाई थांबली नव्हती. तिची खोलीतली मैत्रीण अजून तिकडेच होती आणि तिचा फोन लागत नव्हता. बाई लेकीच्या उशाशी बसून तो नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.