नौशीनच्या अभ्यासाची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर अजून गोंधळलेलीच आहे. सत्त्याण्णव साली महाडच्या बाजारातून तुडीलला आले, ती कोरी. तिथे नौशीनच्या घरी मला काम मिळालं. तिचे अब्बा, झकेरिया, कुवेतला ट्रक चालवायचे. चार वर्षं घरी आले नव्हते. पत्र लिहायची सवय कुणालाच नाही. खुशाली कॅसेटमध्ये भरायची आणि तिकडे जाणाऱ्याच्या हाती द्यायची, अशी गावाची रीत.

माझ्या एका बाजूला अम्मी बोलल्या, "आमी बरे हाव. तुमी काळजी करू नका." आणि बोलून झाल्यावर डोळे पुसत बसल्या. बरं असताना कुणी रडतं का? मला काही कळेना.

दुसरी बाजू नौशीनने बळकावली. दहावीचं वर्ष, आणि इंग्रजीतली 'इफ'ची वाक्यं तिला काही केल्या जमेनात. सर म्हणाले होते, घरातलीच वाक्यं करा, मोठ्याने म्हणा, भरून पुन्हा ऐका. ती म्हणाली, "इफ अब्बा कम होम, अम्मी वुड लाफ." मग पुस्तक बघून स्वतःवरच चिडली, "कम नाय, केम!" अब्बा तर आलेच नव्हते, मग 'केम' कसं? मनातल्या गोष्टीला होऊन गेलेल्या गोष्टीचं रूप का द्यायचं, हे तिला उमजत नव्हतं आणि मला तर मुळीच नाही. तिने ते वाक्य अकरा वेळा म्हटलं.

तेवढ्यात शेजारचा अकिब कुवेतला निघाला. अम्मींनी घाईघाईत सुकटीच्या डब्यासोबत मलाही दिलं. दुसऱ्या बाजूचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

अब्बांनी पहिली बाजू हसत ऐकली. मग मला उलटवलं. कामापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. अकरा वेळा ऐकून ते लहान मुलासारखे रडले आणि सकाळी मालकाकडे रजा मागायला गेले.

मला हातात धरून ते दारात उभे राहिले तेव्हा नौशीन घाबरलीच. "अब्बा, तो माझा अभ्यास होता! त्यातलं काय खरं नाय!"

"मग जाऊ परत?"

तिने त्यांच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरून ठेवला. आतून अम्मींच्या हसण्याचा आवाज आला.

त्याच दिवशी अम्मींनी माझ्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकले, म्हणजे माझ्यावर पुन्हा कुणी काही भरू नये. आता टेपरेकॉर्डर बिघडलाय, मी फडताळात धूळ खात पडले आहे. खुशाली खरी होती की अभ्यास, ते मला विचारू नका. पण मित्रांनो, घरातली जुनी कॅसेट टाकून देण्याआधी एकदा उलटवून ऐका.