कांतीमातेचा लाल गाल

पार्लरच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांचे चेहरे पिवळ्या लेपानं माखलेले, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांत कांतीमाता. नणंद दाराशीच थबकली. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी ही बाई मुळातच संशयी. वहिनीनं ओढून आणली म्हणून आली होती.

"चेहरा म्हणजे कुशीचा आरसा," कांतीमाता सांगत होती. "कूस बंद तर लेप पिवळा. कूस उघडली की लाल. मी काही करत नाही, मुलींनो, आतला जीव बोलतो."

हा आतला जीव पहिल्या दोन भेटींत मौन पाळायचा आणि तिसऱ्या भेटीत नेमका बोलायचा. तोवर मातेच्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या डब्या खपत राहायच्या.

वहिनीची आज तिसरी भेट. मूल हवं होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचं मुरमांचं जुनं औषध बंद केलं. गर्भाला ते घातक. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, एवढंच ठेवलं. औषध सुटलं आणि चेहरा मुरमांनी भरला. सहा वर्षं मूल नाही, त्यात आरशात बघवेना. अशा बाईला कुणीही गंडवावं. "लेप लाल झाला की डॉक्टरच्या गोळ्या माझ्या टोपलीत टाक," मातेनं बजावलं होतं, "मग फक्त माझं क्रीम."

मातेनं कापूस भिजवून वहिनीच्या गालावर फिरवला. पिवळा गाल लाल झाला. वहिनी रडायलाच लागली आणि तिनं पर्समधून गोळ्या काढल्या.

नणंदेचं लक्ष मात्र कापूस भिजवायच्या दोन वाट्यांवर होतं. नव्या बायकांना डावी वाटी, तिसऱ्या भेटीवाल्यांना उजवी.

"वहिनी, थांब. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं गं?"

"लाल होतो डाग. का, वन्सं?"

नणंदेनं बाहेर ताटकळलेल्या भावाला हाक मारली, त्याच्या गालाला लेप फासला आणि उजव्या वाटीतला कापूस फिरवला. गाल लालेलाल.

"दादा, अभिनंदन. तुझीही कूस उघडली."

कुणीतरी फिसकन हसलं. "पुरुषाच्या स्पर्शानं शक्ती बाटली," माता पुटपुटली.

"शक्ती नाही, धुण्याचा सोडा आहे त्यात. साबणासारखाच तोही लेपातली हळद लाल करतो. डाव्या वाटीत साधं पाणी. आणि डबीवर आत काय आहे ते का लिहिलेलं नाही? झटपट गोरं करणाऱ्या असल्या क्रीममध्ये पारा निघतो. तो कातडीतून रक्तात जातो, रक्तातून बाळाला."

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं काहीच उघडलं नाही?"

"ते मला माहीत नाही, वहिनी. हिलाही नाही. तपासल्याशिवाय कुणालाच कळणार नाही." नणंद भावाकडे वळली. "सहा वर्षांत तू एकदा तरी तपासून घेतलंस का, दादा?"

भाऊ गालावरचा लाल लेप पुसायला लागला. बायकोला इथे आणून सोडायला त्याला वेळ होता, स्वतःच्या तपासणीला नव्हता. वहिनीनं डोळे पुसले आणि गोळ्या पुन्हा पर्समध्ये ठेवल्या.

"उद्या दोघंही जाऊ," ती म्हणाली. "आधी तोंड धुवा."

बायांनो, गाल लाल झाला म्हणून हरखण्याआधी वाटीत काय आहे ते विचारा. विचारलं म्हणून कुणाची कूस बंद होत नाही.