तीन भरण्यांचं पाणी

या खोऱ्यात मला शेहेचाळीस वर्षं झाली, आणि या शेहेचाळीस वर्षांत मी एक बादली पाणी फुकट ओतलेलं नाही. भांडी धुतलेलं पाणी झाडाला, झाडाखालच्या ताटलीत निथळलेलं पुन्हा झाडाला. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. ह्याच गुणापायी मी लेनोरची झाडं मारायला निघालो होतो, म्हणून सांगतोय.

आमच्याकडे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. उन्हाळाभर टिपूस नाही. जुलैच्या एक तारखेपासून पहिला पाऊस पडेपर्यंत ओढ्याला कोणी पंप लावायचा नाही, हे आम्ही खोऱ्यातल्या सगळ्यांनी सही करून कबूल केलंय. ओढ्याच्या डोहांत सॅमन माशांची बोटभर पिल्लं असतात, पाणी उपसलं की तडफडून मरतात. तेव्हा हिवाळ्यात टाक्या भरून ठेवायच्या आणि उन्हाळा त्यावर काढायचा. ज्याची टाकी मोठी त्याला झोप चांगली.

लेनोरची टाकी होती जुनी, लाकडी आणि गळकी. तिचा नवरा ऑगी दर वर्षी म्हणायचा, "यंदा बदलतो," आणि चार हिवाळ्यांपूर्वी न बदलताच गेला. ऑगी माझा जिवलग मित्र. इथे आलो तेव्हा आम्हा दोघांत मिळून एक तंबू आणि एक फावडं होतं. लेनोर नंतर आली, त्याच्यासाठी. तो गेल्यावर मी तिच्या घराच्या पन्हळी साफ करायचो, लाकडं फोडून द्यायचो. बाकी काही बोलायची माझी हिंमत नव्हती. गेल्या पावसाआधी ती सत्तर वर्षांची झाली, तेव्हा मी तिला टाकी बांधून दिली. लोखंडी जाळीवर सिमेंट थापून, पाच हजार गॅलनची, गोल, गुळगुळीत. या खोऱ्यात अशा अकरा टाक्या माझ्या हातच्या आहेत.

नव्या सिमेंटच्या टाकीचा एक नियम असतो. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, म्हणून पहिल्या तीन भरण्या ओतून द्यायच्या आणि चौथीचं पाणी वापरायचं. हा नियम मी अकरा घरांत बोट नाचवून सांगितलाय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या हिवाळ्यात पावसाने हात आखडता घेतला. टाकी भरायलाच जानेवारी संपला. मी खालच्या तोटीवर हात ठेवून उभा राहिलो. आत पाच हजार गॅलन पाणी, काचेसारखं, आणि ते मी मातीत सोडायचं? तेही तीनदा? छे! जिवावर आलं अगदी. म्हटलं, आपण सिमेंट घट्ट कालवलंय, एवढं काय होतंय.

मार्चमध्ये जेवताना लेनोरने विचारलं, "हॉलिस, तीनदा ओतलंस ना रे?"

"ओतलं की."

"तीनदा?"

"अगं हो म्हणतो ना!"

तिने मला सफरचंदाच्या केकचा दुसरा तुकडा वाढला आणि मी तो खाल्लासुद्धा.

आता झाडांचं सांगतो. ऑगीने चाळीस वर्षं एकच वाण सांभाळला होता. जांभळ्या देठाचा गांजा, फुलाला संत्र्याच्या सालीचा वास. कायद्याची परवानगी नव्हती तेव्हा त्याने तो डोंगरात लपवून जपला आणि परवानगी आली तेव्हा अंगणात आणला. घुशी मुळं खातात म्हणून जमिनीत न लावता कापडी कुंड्यांत लावायचा. बी एका मोहरीच्या बरणीत ठेवायचा. तो गेल्यावर लेनोरला त्या बरणीला हात लावणंच जमेना. बी काही कायमचं जिवंत राहत नाही. या वसंतात तिने शेवटी बरणी उपडी केली, तेव्हा तेवीस दाणे निघाले. तेवीसच्या तेवीस पेरले. पाच उगवले.

"चार माद्या आणि एक नर," जूनमध्ये तिने मला फोनवर सांगितलं, आणि तिचा आवाज असा झाला होता की मला खुर्चीत बसावं लागलं. "बी धरेल, हॉलिस. पुन्हा बरणी भरेल."

ही पाच झाडं मेली तर मात्र वाण संपला. जगात दुसरीकडे कुठेही तो नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. "जरा येऊन जा. पोरांना बरं नाही."

गेलो. पाचही कुंड्यांवर केवडा पडला होता. कोवळी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत असतं, पण पाणी चुन्याचं असलं की मुळांना ते उचलता येत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बघताक्षणी मी ओळखलं.

"मी माशांचं खत घातलं," लेनोर म्हणाली. "एप्सम मीठ घातलं. परवा तर गंजके खिळे पाण्यात टाकले, माझी आई गुलाबांना टाकायची तसे. काही उपयोग नाही."

"पाण्याचा पीएच बघितलास?"

"बघितला ना. ऑगीच्या त्या पाणी तपासायच्या बाटलीतले थेंब टाकून. पोपटी रंग यायला हवा, तर गडद जांभळा आला. तीनदा केलं, तीनदा जांभळा." मग हसली. "बाटली जुनी झालीय, दुसरं काय! तू तीन भरण्या ओतल्यास म्हटल्यावर पाण्यात चुना येईल कुठून?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. आणि म्हणालो काय? "असेल, असेल. थेंब खराब होतात कधी कधी." तोंडात मारावी अशी माझी अक्कल. मेलेल्या मित्राच्या बाटलीला मी खोटं पाडलं, तेही त्याच्या बायकोसमोर.

"माझं पाणी जरा हलकं आहे," मी म्हणालो. "माझ्या टाकीतलं आणून देतो. जरा बदल म्हणून."

"आणि तुला?"

"मला ढीग आहे."

ढीग कसला, माझी प्लॅस्टिकची टाकी गुडघ्याएवढी भरलेली होती. पण दुसऱ्या दिवसापासून ट्रकमध्ये दोन पिंपं टाकून मी चढाने तिच्याकडे जाऊ लागलो. कुंडीतल्या मातीत महिनाभराचा चुना मुरला होता. नुसतं वरून पाणी घालून भागणार नव्हतं. एकेका कुंडीतून तिच्या तिप्पट पाणी हळूहळू झिरपू द्यायचं, खालून निघतं ते लांब नेऊन टाकायचं. चार दिवस मी तेच केलं. निथळलेलं पाणी ओतून देताना दर वेळी छातीत कळ यायची, पण दिलं ओतून. लेनोर शेजारी स्टूल टाकून बसायची आणि ऑगीच्या गोष्टी सांगायची. त्यातल्या निम्म्या मला तिच्याहून जास्त ठाऊक होत्या. तरी मी "मग? मग?" करायचो. पाचव्या दिवशी नराच्या शेंड्याला एक पान हिरवं फुटलं. लेनोरने माझं डोकं दोन्ही हातांत धरून टकलाचा मुका घेतला.

घरी माझ्या स्वतःच्या चार कुंड्या होत्या. त्यांना मी पाणी द्यायचं बंद केलं. आंघोळ बंद केली. पिण्यापुरतं राहायला हवं ना, पाऊस अजून अडीच महिने लांब.

आणि मग एका दुपारी लेनोर न कळवता माझ्या दारात. हातात ताटली, ताटलीत ब्लॅकबेरीचा केक. मी घरामागे होतो. मी येईपर्यंत ती माझ्या कुंड्यांपाशी पोचली होती. झाडांची पानं वाळून लोंबत होती. तिने केक पायरीवर ठेवला, टाकीपाशी गेली, बोटांच्या पेरांनी वरून खाली टकटक वाजवत आली. पार खाली वाकल्यावर कुठे भरीव आवाज आला.

"ढीग आहे, नाही का?"

"लेनोर..."

"आणि वास मारतोयस." ती माझ्याकडे वळली. "माझी टाकी गच्च भरलेली असताना तू स्वतःची झाडं मारून मला पाणी का देतोयस, हॉलिस?"

मी खाली बसलो. सांगितलं सगळं. जानेवारी, तोटी, तीन भरण्या. "एकही ओतली नाही गं. हातच धजला नाही."

मला वाटलं, झाडांवरून चिडेल.

"एक महिना," ती म्हणाली, "रोज सकाळी मी त्या बाटलीला खोटं म्हणत होते. ऑगीची बाटली! टाकून द्यायला निघाले होते मी ती. पाणी ओतायला तुझा हात धजत नाही, मेल्या, हे मला कळतं. माझाही धजला नसता. पण मला सांगायला काय झालं होतं?"

"तू केक वाढलास..."

"गाढवा!" ती ओरडली, आणि ताटली उचलून, केकसकट, गाडीत बसून गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही हे वेगळं सांगायला नको. सकाळी उठून पिंपं भरायला घेतली. म्हटलं, तोंड दाखवू नकोस म्हणाली तर फाटकाशी ठेवून येईन. तेवढ्यात उतारावरून तिचा पिकअप येताना दिसला, मुंगीच्या पावलाने. मागे चार कुंड्या दोरांनी बांधलेल्या, अंगावर ओल्या चादरी. आणि पुढच्या सीटवर, तिच्या शेजारी, पट्टा लावून नर बसलेला.

"बघत काय राहिलास, उतरव!" ती खिडकीतून म्हणाली. "पाणी इथे, झाडं तिथे आणि मधे तुझा तो खटारा. ह्यात काही शहाणपण आहे का? कुंडीतली झाडं आहेत, हॉलिस. हलवता येतात."

"आणि तू?"

"मी रोज येईन, सकाळ-संध्याकाळ. तुझ्या भरवशावर सोडू?"

आम्ही कुंड्या माझ्या ओसरीच्या पूर्वेला लावल्या. फुलांत बी धरू नये म्हणून चाळीस वर्षं मी नर दिसला की उपटत आलो, आता त्याच्यासाठी सावलीचं छप्पर बांधलं. माझी झाडं मेलेली होती म्हणून तर आम्ही 'घरटी सहाच झाडं' या कायद्यात बसलो, नाहीतर तोही घोळ होताच. पिंपं आता उलटी वाहू लागली. तिच्या टाकीतलं चुन्याचं पाणी माझ्याकडे यायचं, आंघोळीला आणि भांड्यांना. त्या पाण्याने अंघोळ केली की अंगाची सालटी निघायची. लेनोर म्हणायची, "भोग!"

आणि तिने एक नियम घातला. रोज सकाळी पाणी घालण्याआधी मी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑगीच्या बाटलीतले तीन थेंब टाकायचे, रंग मोठ्याने सांगायचा आणि नळी तिच्या हातात द्यायची. ती उजेडाला धरून स्वतः बघायची.

"पोपटी."

"आण इकडे."

रोज हेच. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला. नराने पराग सोडला आणि तिच्या केसांत, माझ्या टकलावर, चहात, सगळीकडे पिवळी भुकटी झाली. माद्यांची फुलं जाड झाली, संत्र्याचा वास खिडकीतून आत येऊ लागला. ती दुपारची माझ्या खुर्चीत डुलक्या घेऊ लागली, मग मी एक दुसरी खुर्ची आणली. तिचा चष्मा इथे राहायचा, मग स्वेटर, मग औषधाच्या गोळ्या. पण नळी तिने एक दिवसही सोडली नाही. दर वेळी हात पुढे केला की मला थोडं लागायचं. लागायलाच हवं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही ओसरीवर बसून फुलं चोळली. टपोरे, तपकिरी, वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेले दाणे. मोहरीची बरणी गळ्यापर्यंत भरली आणि उरलेले तिने माझ्या कॉफीच्या डब्यात टाकले. ती रडली, मीही रडलो, आणि दोघांच्याही बोटांना चीक असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

नोव्हेंबरात पाऊस लागला, आणि यंदा असा लागला की ओढ्याने काठ सोडले. आम्ही तिच्या टाकीवर गेलो. पहिल्यांदा मी तोटी उघडली ती तिच्या डोळ्यांदेखत, पाइप ओढ्यापासून लांब, बाजूच्या रानात सोडून. पाच हजार गॅलन. मी डोळे मिटून घेतले होते. लेनोरने माझा दंड धरला होता, मी पळून जाईन म्हणून बहुतेक. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. तिसरी ओतायच्या दिवशी तिचा गुडघा दुखत होता.

"तू जा," ती म्हणाली. "मी इथेच बसते शेगडीपाशी."

मी एकटा गेलो. दिवसभर उभा राहिलो, तळ दिसेपर्यंत. टाकी चौथ्यांदा भरायला आठवडा लागला. मग नळीत पाणी घेऊन, तीन थेंब टाकून, कोटाच्या आत धरून मी ते घरी घेऊन आलो. माझ्या घरी. ती तिथेच होती. खरं तर ती पंधरा दिवस तिथेच होती, दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

"तिसरी ओतलीस?"

"ओतली."

"रंग?"

"पोपटी."

मी सवयीने नळी पुढे केली. लेनोरने हातातलं विणकाम खालीसुद्धा ठेवलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "दार लाव, गार वारा येतोय. आणि चहा टाक."